उंचावरून कमी बोलावे : कोल्हापुरातून सोडलेल्या फुग्याचा माग पॅकेट रेडिओने कसा ठेवावा

शिरोळ तालुक्यातल्या उभ्या उसात चपलांच्या खोक्याएवढी थर्माकोलची पेटी पडली, तर ती दहा पावलांवरूनही दिसत नाही. तीस किलोमीटर उंचीवरून छायाचित्रे आणि तापमानाच्या नोंदी घेऊन आलेली ही पेटी परत मिळेल की तोडणीपर्यंत तिथेच राहील, हे तिने शेवटचे पाठवलेले स्थान किती ताजे आहे आणि ते ऐकायला जवळ कोण होते यावर ठरते. हौशी रेडिओवाले वापरत असलेली एपीआरएस ही पद्धत अशा कामासाठी सोयीची आहे. मात्र ती मुळात रस्त्यावरच्या वाहनांसाठी रूढ झालेली असल्यामुळे, वाहनातली मांडणी जशीच्या तशी फुग्याला लावली की घोटाळे होतात. ते कसे टाळावेत हे सांगणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

एपीआरएस म्हणजे ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टिम. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी ती विकसित केली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती हौशी रेडिओत रुजली. ब्रुनिंगा यांचे २०२२ मध्ये निधन झाले. जीपीएसकडून मिळालेले स्थान एका छोट्या पॅकेटमध्ये बसवायचे, त्याचे १,२०० आणि २,२०० हर्ट्झच्या दोन सुरांत रूपांतर करायचे आणि साध्या एफएम ट्रान्समीटरवरून सेकंदाला १,२०० बिट या वेगाने प्रसारित करायचे, एवढीच तिची रीत आहे. ऐकणारे केंद्र हे पॅकेट एकतर पुन्हा प्रसारित करते, तेव्हा त्याला डिजीपीटर म्हणतात, किंवा इंटरनेटवर चढवते, तेव्हा त्याला आयगेट म्हणतात. इंटरनेटवर चढलेले स्थान 'एपीआरएस डॉट एफआय'सारख्या नकाशांवर कोणालाही दिसते.

प्रवासी विमानांची ये-जा मोबाइलवर दाखवणारे नकाशे अनेकांनी पाहिलेले असतात, म्हणून एक फरक सुरुवातीलाच सांगितला पाहिजे. त्या नकाशांमागची पद्धत एडीएस-बी आहे. ती १,०९० मेगाहर्ट्झवर चालते आणि विमान वाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी असते. एपीआरएस हा परवानाधारक हौशींचा आपापसातला व्यवहार आहे. त्यावरून हवाई नियंत्रण कक्षाला काहीही दिसत नाही, त्यामुळे फुग्यावर एपीआरएस लावले म्हणून विमानांपासून अंतर राखण्याची जबाबदारी कमी होत नाही.

आधी परवाने

प्रसारण करण्यासाठी हौशी रेडिओचा परवाना लागतो. तो दळणवळण मंत्रालयाच्या दूरसंचार विभागातील डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन देते आणि त्यासाठी सरल संचार या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. परवान्यासोबत मिळणारी कॉलसाइन, म्हणजे केंद्राची ओळख, भारतात बहुधा व्हीयू २ किंवा व्हीयू ३ या अक्षरांनी सुरू होते आणि पुढे प्रत्येक पॅकेटवर तीच जाते. आपल्याकडे परवाना नसल्यास परवानाधारकाला मोहिमेत सामील करून घ्यावे आणि ट्रान्समीटरची पूर्ण जबाबदारी त्याच्याकडे सोपवावी. दुसऱ्याची कॉलसाइन त्याला न विचारता ट्रॅकरमध्ये भरणे हा गुन्हाच आहे, आणि महाविद्यालयीन प्रकल्पांत तो अजाणतेपणी घडतो.

परवाना असला तरी हवेत असलेल्या केंद्रावरून प्रसारण करण्याची परवानगी त्यात आपोआप येते असे गृहीत धरू नये. डब्ल्यूपीसीला मोहिमेचे वर्णन, फ्रिक्वेन्सी, शक्ती आणि कालावधी कळवून लेखी उत्तर घ्यावे. फुगा सोडण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि जवळच्या विमानतळाचे हवाई नियंत्रण यांच्याशी वेगळा पत्रव्यवहार करावा लागतो. आपल्याकडे उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागूनच आहे, आणि दक्षिणेला बेळगावजवळ सांबरा येथे नागरी विमानतळासोबत हवाई दलाचे ठाणेही आहे. त्यामुळे जागा आणि वेळ आपण ठरवून मग कळवण्यापेक्षा त्यांनाच विचारून ठरवणे शहाणपणाचे. आंतरराष्ट्रीय नियमांत एकूण ४ किलोपेक्षा कमी ओझ्याचा मोकळा फुगा सामान्यतः 'हलका' धरला जातो. आपले ओझे एक किलोच्या आत ठेवले तर बोलणी सोपी होतात. पोलिसांनाही कळवावे. या सगळ्याला दोन-तीन महिने लागतील असे धरून चालावे, आणि कागद हातात येईपर्यंत खाली सांगितलेल्या जमिनीवरच्या चाचण्या उरकाव्यात.

विमानाविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. प्रवासी विमानात बसून ट्रॅकर चालू करण्याचा विचारही करू नये. छोट्या खासगी विमानात, ग्लायडरमध्ये किंवा पॅराग्लायडरवर ट्रॅकर ठेवायचा असेल तर वैमानिकाची संमती आणि वर सांगितलेली लेखी परवानगी या दोन्ही गोष्टी हव्यात. अर्धा-एक वॉटपेक्षा जास्त शक्ती वापरू नये आणि यंत्र विमानाच्या विद्युत व्यवस्थेला जोडू नये. बाकी पाथ (म्हणजे पॅकेट पुढे कोणी पुन्हा प्रसारित करावे याची त्यातच लिहिलेली सूचना), वेळेचे अंतर आणि उंची यांविषयी पुढे फुग्यासाठी जे सांगितले आहे ते विमानालाही लागू पडते.

प्रथम ऐकायला शिकावे

ज्याला ऐकता येत नाही त्याने उडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐकण्यासाठी संगणकाला जोडायचा आरटीएल-एसडीआर नावाचा छोटा डोंगल, गच्चीवर उभी केलेली साधी अँटेना आणि 'डायर वुल्फ' हा मोफत प्रोग्राम एवढे पुरते. डोंगल एफएम आवाज देतो आणि डायर वुल्फ त्या आवाजातली पॅकेटे उलगडतो. रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावरही हे दिवसरात्र चालते.

अँटेना घरीच करता येते. १४४ मेगाहर्ट्झच्या आसपास तरंगलांबी सुमारे २.०८ मीटर येते, म्हणून पाव तरंगलांबीची उभी तार ५० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी आणि तिच्या बुडाशी तेवढ्याच लांबीच्या चार तारा तिरप्या खाली सोडाव्यात. ती जितकी उंच आणि मोकळी तितके चांगले.

फ्रिक्वेन्सीच्या बाबतीत सावध राहावे. अमेरिकेत एपीआरएस १४४.३९० वर आणि युरोपात १४४.८०० मेगाहर्ट्झवर चालते, आणि बाहेरून आलेले ट्रॅकर यांपैकी एका आकड्यावर लावलेले असतात. दोन्ही आकडे भारतातल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या हौशी पट्ट्यात बसतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. फक्त कोणी ऐकत नाही. आपल्या मार्गातल्या क्लबांचे डिजीपीटर आणि आयगेट ज्या आकड्यावर आहेत तोच आकडा त्यांना विचारून लावावा. अलीकडे लोकप्रिय झालेल्या लोरा या कमी शक्तीत दूर पोहोचणाऱ्या पद्धतीच्या ट्रॅकरांत तर चूक अधिक गंभीर आहे. युरोपात त्यासाठी ४३३.७७५ मेगाहर्ट्झ वापरतात, पण भारतात हौशींना दिलेला पट्टा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ असल्यामुळे तो आकडा आपल्या हद्दीबाहेर पडतो.

स्थानिक पॅकेटे क्वचितच येत असतील तर सरावासाठी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे वळावे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या या स्थानकावर हौशी रेडिओचा डिजीपीटर असतो आणि तो चालू असेल तेव्हा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर ऐकू येतो. स्थानक कोल्हापूरवरून केव्हा जाणार हे मोबाइलवरच्या कोणत्याही उपग्रह-वेळापत्रकात सापडते. पाच-दहा मिनिटांच्या त्या फेरीत चार पॅकेटे जरी उलगडली तरी आपली अँटेना, आवाजाची पातळी आणि प्रोग्राम यांची परीक्षा उत्तम होते, कारण फुगाही असाच दुरून आणि वरून बोलणार असतो.

उंचीचा हिशेब

आता मूळ मुद्दा. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात आणि जमिनीच्या वळणापलीकडे फारशा पोहोचत नाहीत. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे रेडिओचे क्षितिज, किलोमीटरमध्ये. गाडीच्या टपावर दोन मीटर उंचीवर असलेल्या अँटेनाचे क्षितिज सहा किलोमीटरच्या आत येते. पन्हाळा कोल्हापूरच्या सपाटीपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. तिथून पूर्वेकडे ८० किलोमीटरपर्यंत, म्हणजे सांगली-मिरजेच्याही पुढे ऐकू येऊ शकते. आणि ३० किलोमीटर उंचीवरच्या फुग्याचे क्षितिज येते ७१३ किलोमीटर.

नकाशावर कोल्हापूरभोवती एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढून पाहावे. पुणे आणि मुंबई त्यात सहज येतात, हैदराबाद येते, बंगळूरु येते, आणि नागपूर अगदी काठावर येते. म्हणजे आपल्या फुग्याचे एक पॅकेट या सगळ्या प्रदेशातल्या प्रत्येक डिजीपीटरला एकाच क्षणी ऐकू येऊ शकते. रस्त्यावरच्या गाडीसाठी जो पाथ वापरतात, म्हणजे 'वाइड १-१, वाइड २-१', तो पाथ आसपासच्या सर्व डिजीपीटरांना आणि घरोघरच्या छोट्या पूरक केंद्रांना 'हे पॅकेट पुन्हा सांगा' अशी आज्ञा देतो. गाडीला ते आवश्यकच असते, कारण तिचा आवाज पुढच्या टेकडीपलीकडे जात नाही. फुग्याने तीच आज्ञा दिली की तीन-चार राज्यांतली केंद्रे एकाच वेळी तेच पॅकेट ओरडू लागतात, एकमेकांवर आदळतात, आणि त्या गोंधळात इतरांची पॅकेटे तर जातातच, पण आपले पुढचे पॅकेटही बुडते.

म्हणून उंचावर असताना पाथ रिकामा ठेवावा. मार्गात आयगेट फारच विरळ असतील तर फक्त 'वाइड २-१' द्यावा; 'वाइड १-१' मात्र उंचावर कधीही देऊ नये. वरून थेट ऐकणारा एक आयगेट मिळाला तरी नकाशावर स्थान येते. शक्तीचेही तसेच आहे. सौरऊर्जेवर चालणारे, काही ग्रॅम वजनाचे फुगे शंभर मिलिवॉटहूनही कमी शक्तीत शेकडो किलोमीटरवर ऐकले गेले आहेत. आपल्याला अर्धा ते एक वॉट पुरे. पाच वॉटचा हँडसेट पेटीत कोंबण्याचा मोह होतो, पण त्याने बॅटरी लवकर संपते आणि जीपीएस बिघडते. त्याची हकीकत पुढे येईल.

ट्रॅकर तयार करणे

ट्रॅकरचे चार भाग असतात: जीपीएस, मायक्रोकंट्रोलर, ट्रान्समीटर आणि बॅटरी. तयार ट्रॅकर मिळतात. अर्डुइनोसारखा बोर्ड आणि एक वॉटचे डीआरए ८१८ हे व्हीएचएफ मॉड्यूल जोडून घरीही करता येतो. काहीही घेतले तरी खालच्या गोष्टी स्वतः तपासाव्यात.

जीपीएसचा तपास सर्वांत महत्त्वाचा आहे. यू-ब्लॉक्स कंपनीची मॉड्यूल मूळ मांडणीत सुमारे १२ किलोमीटर उंचीनंतर स्थान देणे थांबवतात, कारण आपण जमिनीवर फिरत आहोत असे त्यांनी गृहीत धरलेले असते. त्यांना 'एअरबोर्न' या प्रकारात घातले की ५० किलोमीटरपर्यंत चालतात. ही आज्ञा बहुतेक मॉड्यूलांत वीज गेली की पुसली जाते, म्हणून ती ट्रॅकर सुरू होताना दर वेळी, आणि शक्य तर उड्डाणातही अधूनमधून पाठवावी, आणि मॉड्यूलने ती स्वीकारली असे उत्तर आल्याची खात्री करावी. बाजारात मिळणारी नकली मॉड्यूल ही आज्ञा गुपचूप गिळतात आणि काहीच करत नाहीत. दुसऱ्या काही कंपन्यांची मॉड्यूल १८ किलोमीटरला कायमची थांबतात. ती या कामाची नाहीत.

स्थान लिहिण्याची रीत पुढचा सापळा आहे. एपीआरएसमध्ये अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटांत लिहितात, दशांश अंशांत नव्हे. रंकाळ्याचा अक्षांश सुमारे १६.६९ अंश आहे, म्हणजे १६ अंश ४१.४ मिनिटे. आमच्या पहिल्या चाचणीत प्रोग्राममध्ये हे रूपांतर दोनदा झाले होते. आम्ही रंकाळ्याच्या काठावर भेळ खात उभे होतो आणि ट्रॅकर नकाशावर तीस किलोमीटर दक्षिणेला, मुरगूडच्या परिसरात दिसत होता. घराच्या गच्चीवर ही चूक कळते तेव्हा हसू येते. तीच उड्डाणात कळली असती तर शोधणाऱ्या गाड्या भलत्याच तालुक्यात गेल्या असत्या. नेहमीच्या रीतीत मिनिटाचे दोन दशांश लिहितात, म्हणजे स्थान सुमारे १८ मीटरच्या टप्प्यांनी कळते. मोकळ्या रानात ते पुरते, उसात मात्र पुरत नाही. म्हणून पेटीत छोटा बझर ठेवावा आणि तो उतरल्यावर वाजेल असे करावे.

उंची पॅकेटच्या शेवटी सहा आकडी संख्येत आणि फुटांत लिहायची असते. ३० किलोमीटर म्हणजे ०९८४२५. वेग नॉटमध्ये असतो. कॉलसाइनपुढे ११ हा जोडक्रमांक लावावा, कारण फुगे, विमाने आणि अवकाशयाने यांच्यासाठी तोच रूढ आहे, आणि चिन्ह फुग्याचे निवडावे, म्हणजे नकाशा पाहणाऱ्याला ही गाडी नव्हे हे कळते. शेवटी तापमान, बॅटरीचा दाब आणि दिसणाऱ्या उपग्रहांची संख्या एवढे थोडक्यात लिहावे. शंभर अक्षरांचे पॅकेट १,२०० बिटांच्या वेगाने जायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागते. प्रायोजकांची नावे आणि शुभेच्छा घातल्या की तेवढा वेळ वाहिनी अडून राहते.

आता ती हकीकत. अँटेना जीपीएसच्या फार जवळ असेल तर प्रत्येक प्रसारणाच्या वेळी जीपीएस बधिर होते, आणि ट्रॅकर शेवटचे जुने स्थानच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. जोतिबाच्या घाटात मोटारसायकलवर घेतलेल्या चाचणीत आम्ही डोंगरावर पोहोचलो तरी नकाशावर पायथ्यालाच उभे होतो. शक्ती कमी केली, अँटेना पेटीच्या खाली सोडली आणि जीपीएस वरच्या बाजूला ठेवले, तेव्हा ते थांबले. स्थानासोबत जीपीएसची वेळही पाठवावी, म्हणजे जुने स्थान ताबडतोब ओळखू येते.

विषुववृत्ताकडच्या आपल्या अक्षांशांवर १६-१७ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ८० अंशांच्या आसपास जाते, मग आणखी वर थोडे वाढते. साधे अल्कलाइन सेल तिथे टिकत नाहीत. चार्ज न होणारे लिथियम सेल वापरावेत. ते उणे ४० अंशांपर्यंत चालतात, आणि जाड थर्माकोलच्या पेटीत ट्रॅकरच्या स्वतःच्या उष्णतेमुळे आतले तापमान सहसा त्याखाली जात नाही. तयार पेटी आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये तीन तास चालू ठेवून पाहावी. उणे ८० नव्हे, पण उणे २० अंशांतही पुष्कळ सैल सांधे उघडे पडतात.

परदेशी मार्गदर्शकांत पर्याय म्हणून उपग्रहाला जोडणारे छोटे ट्रॅकर सुचवलेले असतात. भारतात उपग्रह फोन आणि तत्सम साधने परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, म्हणून ती आणू नयेत. पर्यायी म्हणून दुसरा, स्वतंत्र बॅटरीचा एपीआरएस ट्रॅकर लावावा आणि दोन्हींची प्रसारणे जीपीएसच्या वेळेनुसार वेगवेगळ्या सेकंदांवर बांधावीत.

कधी बोलावे आणि किती

ट्रॅकरने एकाच ठेक्याने बोलत राहणे सोपे, पण चुकीचे आहे. चढताना फुगा साधारणपणे सेकंदाला पाच मीटर वेगाने वर जातो, म्हणजे ३० किलोमीटरला सुमारे शंभर मिनिटे. या काळात दोन मिनिटांना एक पॅकेट भरपूर होते, कारण प्रत्येक पॅकेट दूरपर्यंत पोहोचते आणि एखादे हुकले तरी बिघडत नाही. फुगा फुटून पेटी खाली येऊ लागली की शेवटच्या टप्प्यात मात्र सगळे उलटते. पॅराशूटवर पेटी सेकंदाला पाच मीटरने खाली येत असेल आणि मिनिटाला एक पॅकेट जात असेल, तर शेवटचे पॅकेट जमिनीपासून तीनशे मीटर उंचीवर गेलेले असू शकते. तेवढ्यात वारा सेकंदाला पाच मीटर असला तरी पेटी आणखी तीनशे मीटर सरकते. एकरांमागून एकर उसात तीनशे मीटर म्हणजे दिवसभराचे काम.

म्हणून उतरताना जमिनीच्या जवळ आल्यावर पंधरा-वीस सेकंदांना एक पॅकेट पाठवावे आणि पाथ पुन्हा गाडीसारखा 'वाइड १-१, वाइड २-१' करावा. आता क्षितिज आकसलेले असते, त्यामुळे जास्त बोलल्याने दूरच्या कोणाला त्रास होत नाही. जमिनीवर स्थिर झाल्यावर पुन्हा दोन मिनिटांवर यावे, म्हणजे बॅटरी रात्रभर पुरते.

हा बदल कोणत्या उंचीवर करायचा, इथे एक स्थानिक खोच आहे. जीपीएस उंची समुद्रसपाटीपासून देते आणि कोल्हापूरची जमीनच सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या एखाद्या प्रोग्राममध्ये 'पाचशे मीटरखाली आलो म्हणजे उतरलो' असे लिहिलेले असेल, तर आपला फुगा उतरल्याचे त्याला कधीच कळणार नाही आणि तो रिकाम्या पाथने, संथपणे, उसात बसून कुजबुजत राहील. शिरोळ ते विजयपूर या पट्ट्यासाठी समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर ही बदलाची उंची ठेवावी.

दिवस आणि दिशा

पावसाळ्यात खालचे वारे पश्चिमेकडून येतात, पण चौदा-सोळा किलोमीटरवरचे जोरदार वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. म्हणजे पेटी सह्याद्रीच्या जंगलात, कोकणात किंवा समुद्रात जाण्याची भीती असते, आणि समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपासच आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आठ ते पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यातले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि फुगा शिरोळ, अथणी, विजयपूर या बाजूला जातो. तिकडे जमीन सपाट आहे, रस्ते आहेत आणि पाऊस नसतो. हैदराबादची टाटा मूलभूत संशोधन संस्थेची बलून सुविधाही आपली मोठी उड्डाणे मुख्यतः हिवाळ्याच्या महिन्यांतच करते. या हंगामात ऊस उभा असतो हे खरे, पण तोडही सुरू झालेली असते.

केंब्रिज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेले उतरण्याच्या जागेचे भाकीत सांगणारे साधन इंटरनेटवर मोफत आहे. त्यात सोडण्याची जागा, चढण्याचा वेग, फुटण्याची उंची आणि उतरण्याचा वेग घातला की वाऱ्याच्या अंदाजावरून मार्ग काढून मिळतो. आठवडाभर आधीपासून रोज पाहावा. भाकीत कृष्णेच्या पात्राजवळ, मोठ्या गावावर किंवा विमानतळाच्या दिशेने येत असेल तर दिवस बदलावा, फुगा नव्हे.

गॅसविषयी एवढेच, की समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलते आणि कोल्हापूरच्या उंचीवर थोडे कमी. सहाशे ग्रॅमचा फुगा, पाचशे ग्रॅमची पेटी, पॅराशूट आणि वर चढण्यासाठीची जादा ओढ धरून दोन ते अडीच घनमीटर लागतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत सिलिंडर पुरवणाऱ्यांकडे आधी चौकशी करून ठेवावी. हायड्रोजन स्वस्त आहे, पण पहिल्या मोहिमेत तो वापरू नये.

ऐकणारे कुठे बसवावेत

उड्डाणाच्या दिवशी सर्वांना फुगा सोडण्याच्या जागेवर उभे राहून टाळ्या वाजवायच्या असतात. तिथे दोन माणसे ठेवून बाकीचे पांगले तरच पेटी मिळते. एक आयगेट पन्हाळ्यावर किंवा जोतिबाच्या डोंगरावर, मोकळ्या पूर्व बाजूला बसवावा: रास्पबेरी पाय, डोंगल, अँटेना आणि मोबाइलचे इंटरनेट. आयगेटला इंटरनेटवरच्या एपीआरएस सर्व्हरसाठी कॉलसाइनशी जुळणारा पासकोड लागतो. तो आदल्या दिवशी घालून एक पॅकेट नकाशावर आल्याचे पाहून घ्यावे. एक गाडी भाकितातल्या जागेच्या दहा-पंधरा किलोमीटर अलीकडे फुगा सुटण्यापूर्वीच पोहोचलेली असावी आणि दुसरी मार्गावर.

गाडीत टपावर अँटेना, हँडसेट आणि त्याला केबलने जोडलेला, पॅकेटे उलगडणारे एपीआरएसड्रॉइड हे ॲप चालवणारा मोबाइल असावा. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत, कारण ज्या रानात पेटी पडेल तिथे इंटरनेट असेलच असे नाही, आणि शेवटची पॅकेटे बहुधा फक्त गाडीलाच ऐकू येतात. पेटी जमिनीपासून पन्नास मीटरवर असताना गाडीला ती तीसेक किलोमीटरवरून ऐकू यायला हरकत नसते. उसात पडल्यावर तेच अंतर एक-दोन किलोमीटरवर येते. नकाशा थांबला तरी हँडसेटवरचा सूर ऐकू येत असेल तर चालत जावे, जवळ आल्यावर हँडसेटची अँटेना काढून टाकावी, आणि सूर कुठे स्वच्छ येतो ते पाहत पुढे सरकावे.

पेटीवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत लिहावे: हा विज्ञानाचा प्रयोग आहे, यात धोकादायक काही नाही, कृपया या क्रमांकावर फोन करावा. आकाशातून तारा लोंबणारी पेटी शेतात पडली की लोक घाबरतात, आणि त्यांनी घाबरू नये अशी अपेक्षा करण्यापेक्षा सविस्तर मजकूर चिकटवणे सोपे आहे. कन्नड मजकूर त्या भाषेच्या माणसाकडून लिहून घ्यावा. उसात शिरण्यापूर्वी शेतकऱ्याला विचारावे. बहुतेक वेळा तोच कोयता घेऊन पुढे चालू लागतो. फुटलेल्या रबराच्या चिंध्याही गोळा कराव्यात, कारण जनावरे त्या चघळतात.

पेटी हाती आली की हवाई नियंत्रणाला आणि पोलिसांना मोहीम संपल्याचे कळवावे, आणि त्याआधी, छायाचित्र काढण्याच्याही आधी, ट्रॅकरचे बटण बंद करावे. तो डिकीत चालूच राहिला तर नकाशावर पाहत बसलेल्या सगळ्यांना आपला फुगा मिरज रस्त्याने ताशी साठ किलोमीटर वेगाने, मध्ये अंकलीला चहासाठी थांबून, कोल्हापूरकडे परत येताना दिसतो.